पुंजारामच्या घरातली गुडगुड

या, जरा पुढं सरका. महाराज अजून यायचे आहेत, पेटीवाला सूर जुळवून राहिलाय, टाळकऱ्यांचा चहा चालू आहे. तोवर माझ्याजवळ बसा, एक गोष्ट सांगतो. देवळात बसून असली गोष्ट सांगतात का, असं तुमच्या मनात येईल, कारण गोष्ट आहे संडासाची. पण ऐका. देवाचं काम कुठून सुरू होईल त्याचा नेम नसतो.

शहाण्णव सालची गोष्ट. जालन्यात एमआयडीसीच्या रस्त्याला शेतं मोडून नवे प्लॉट पडले होते. आमच्या वस्तीला गटार नव्हती. ज्यानं त्यानं आपल्या अंगणात सेप्टिक टाकी बांधायची, आणि नळाला पाणी कधी येईल ते कुणाला विचारायचं नाही. माझं किराणा दुकान कोपऱ्यावर, आणि त्याच्या भिंतीला भिंत लावून पुंजारामचं घर. हा पुंजाराम मूळचा केदारखेड्याचा, बियाण्याच्या कारखान्यात सुपरवायझर. त्याची बायको उषा अंबडची. बोलायला फटकळ, पण कुणी उपाशी गेलेलं तिला चालायचं नाही. आणि गावी त्याची माय, साळूबाई. नवरा जाऊन कितीतरी वर्षं झालेली, एकटीच राहायची. सप्ताह कुठंही असो, ही पहिल्या रांगेत. मृदंगाची शाई वाळली, टाळ चिरला, महाराजांचा घसा बसला, तिला नुसत्या कानानं समजायचं.

वास्तुशांतीला आली तेव्हा म्हातारी कशी चटपटीत होती! पुरण वाटलं, बायकांच्या ओट्या भरल्या, आणि येताना गावाकडून मांडीवर घेऊन आलेलं काळं मडकं शिडीनं गच्चीवर नेऊन बसवून आली. चुन्यानं रंगवलेले डोळे, दात विचकलेले. नव्या घराला दृष्ट लागू नये म्हणून आमच्याकडं प्रत्येक घरावर असं काहीतरी असतंच. कुठं मडकं, कुठं काळी बाहुली, कुठं जुनी चप्पल. कुणी मान वर करून पाहिलं नाही.

पुढं पोरांच्या परीक्षा झाल्यावर पुंजाराम बिऱ्हाड घेऊन राहायला आला, आणि त्याच आठवड्यात गावाहून निरोप आला. पहाटे टमरेल घेऊन शेताकडं जाताना साळूबाई बांधावरून घसरली. मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत लोखंडी सळी बसली. डॉक्टरांनी पुंजारामला बाजूला घेऊन सांगितलं, "आता यांना उकिडवं बसता येणार नाही. बाहेर शेतात तर बिलकुल पाठवायचं नाही. पुन्हा पडल्या तर उठणार नाहीत."

म्हणून मायला त्यानं जालन्याला आणलं. सुताराकडून लाकडी खुर्ची करून घेतली, बसायच्या फळीला मधोमध भोक, आणि ती संडासातल्या भांड्यावर नेमकी बसवली. उशाशी वॉकर. पुंजाराम लहान पोरासारखा खुश होऊन म्हणाला, "माय, आता अंधारात जायचं काम न्हाई. घरातल्या घरात सगळं."

साळूबाई लाजून म्हणाली, "घरातच? आन् देव त्या भिंतीला, हे ह्या भिंतीला? देवाला काय वाटंल रे?"

"देवाला तुमचं हाड मोडल्यालं वाटलं त्येवढं पुरं झालं," उषा आतून बोलली.

पहिल्याच दिवशी म्हातारी खुर्चीवर बसली, शेजारच्या न्हाणीत उषानं धुण्याची बादली रिकामी केली, आणि खुर्चीच्या खालून आवाज आला. गुडगुड, गुडगुड, गुटूक! कुणीतरी खाली बुडतंय आणि तोंड वर काढतंय, असा. साळूबाई तशीच लुगडं सावरत, वॉकर विसरून, भिंतीला धरून बाहेर. "उषे! खाली काहीतरी हाय गं!"

त्या दिवशी सगळे हसले. मीही हसलो.

मग वास सुटला. आधी संडासातच, मग न्हाणीत, मग पार देवघरापर्यंत. नासलेल्या अंड्यासारखा, गरम. उषा फिनेल ओतायची, कापूर जाळायची, उदबत्तीचे पुडेच्या पुडे माझ्या दुकानातून न्यायची. "भाऊजी, अजून वासाची द्या," म्हणायची, आणि तिचा चेहरा रडवेला. ती हळदीकुंकवाला बायका बोलवायची बंद झाली, कारण आलेली बाई पदर नाकाला लावते आणि उठताना म्हणते, घर छान झालंय हो.

भांड्यातलं पाणीही धड जाईना. बादली ओतली की ते वर चढायचं, काठाला यायचं, बघणाऱ्याचा जीव टांगणीला लावायचं, आणि मग गुटूक गुटूक करत हळूहळू उतरायचं. उतरताना इतकं उतरायचं की तळाच्या वाकड्या नळीत राहायला पाहिजे ते पाणीही ओढून न्यायचं. त्या नळीतलं पाणी म्हणजे दारच असतं. ते असलं की खालची हवा घरात येत नाही. दार उघडं पडलं की वास आलाच.

पण हे आम्हाला नंतर उमगलं. तेव्हा प्रत्येकाचं आपलं आपलं निदान. पुंजाराम म्हणायचा, पाणी कमी पडतं. उषा म्हणायची, टँकरचं पाणी मी काय संडासातच ओतू का सगळं? आणि साळूबाईचं निदान सगळ्यांत वाईट. ती एक दिवस मला खिडकीतून म्हणाली, "बद्रीनाथा, खरं सांग. मी यायच्या आधी वास येत व्हता का?"

मी म्हणालो, "मावशी, तुमच्या आधी ते लोकच जेमतेम आल्ते."

"म्हंजे न्हाई," ती म्हणाली, आणि तोंड भिंतीकडं केलं.

त्यानंतर म्हातारी खाणं कमी करू लागली. भाकरीचा कोर तोडायची, ताट सारायची. उषाला वाटलं, गावची सवय, शहरातलं अन्न गोड लागत नसेल. मग एका दुपारी तिला दिसलं की सकाळी उशाशी ठेवलेला तांब्या तसाच काठोकाठ आहे. दुसऱ्या दिवशी तांब्या रिकामा होता, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला. पण खिडकीबाहेरच्या तुळशीत चिखल झालेला. उन्हाळ्यात, पाण्याची एवढी मारामार असताना, तुळशीत चिखल!

उषा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आत्याबाई, तुम्ही पाणी तुळशीला घालता?"

"तिला बी तहान लागती."

"आन् तुम्हाला?"

 साळूबाई हळूच म्हणाली, "पाणी प्यालं की जावं लागतं, बाई. मी गेले की ते बोलतं. ते बोललं की घर नासतं. माझ्यापायी लेकराच्या नव्या घराला नाट नको."

चारदोन दिवसांत तिला ताप भरला. लघवीला जळजळ, पोटरीत गोळे. डॉक्टर आले, जीभ बघितली, आणि पुंजारामवरच ओरडले. "हाड जोडून दिलं मी, आता पाण्यावाचून मूत्रपिंड घालवताय का? तांब्याभर पाणी दर थोड्या वेळानं पोटात गेलंच पाहिजे. नाहीतर सलाईनला आणा, आणि पुढचं मी सांगत नाही."

पुंजाराम माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. हातात टोपी, टोपीच्या कडा चोळत. "बद्रीभाऊ, माय तहानेनं मरून राह्यली माझ्या घरात. गावातली म्हातारी बांधावर पडून वाचली, आन् इथं संडास असून मरंल. कोणाला तोंड दाखवू?"

त्याच दिवशी कारभारी मिस्त्रीला बोलावलं. घर त्यानंच बांधलेलं. तो आला तो कुरकुरत. "माझ्या कामात खोट न्हाई. लोकं काहीबाही टाकत्यात आत. पोरांची चड्डी निघाली व्हती मागं एका घरात."

"आमच्या पोरांच्या चड्ड्या मोजून ठेवल्यात मी," उषा म्हणाली. "तुम्ही बघा आधी."

बांबूची लांब चिवट पट्टी आणली. कुणीतरी म्हणालं, नगरपालिकेचा माणूस बोलवा, असली कामं ती लोकं करतात. पुंजारामनं त्याच्याकडं नुसतं पाहिलं. "घाण आमची, हात आमचे," म्हणाला, आणि बाह्या वर करून स्वतः पट्टी आत घातली. पट्टी सुळकन गेली, चेंबरपर्यंत पोचली. तुंबलेलं काही नव्हतं.

मग टाकीचं झाकण काढलं. भरली असेल म्हणावं तर नवी कोरी टाकी, तळाशी जेमतेम साठलेलं. मात्र झाकण सरकवल्याबरोबर आतून अशी हवा आली की मिस्त्री दोन पावलं मागं सरला. तेव्हाच ओळखायला हवं होतं. पण नाक दाबलेल्या माणसाचं डोकंही जरा दाबलेलं असतं.

मग खालच्या पाइपाचा उतार तपासला. पारदर्शक नळीत पाणी भरून मिस्त्रीनं एक टोक इकडं, एक टोक तिकडं धरलं. उतार बराबर निघाला. त्याचा चेहरा फुलला. "बघा! मी म्हणलं न्हाई?"

"मंग बोलतंय काय खाली?" पुंजारामनं विचारलं.

मिस्त्री डोकं खाजवत म्हणाला, "पायाच्या खाली जुनी बुजलेली विहीर-बिहीर तर न्हाई ना? फरशी फोडून बघावं लागंल." आणि त्यानं संडासाच्या दारातून आतल्या खोलीपर्यंत बोटानं रेघ दाखवली. देवघराच्या खालून.

हे साळूबाईनं खाटेवरून ऐकलं. तिनं उषाला हाक मारली. "माझं बोचकं बांध. मला केदारखेड्याला नेऊन घाला. देवाखालची फरशी फोडू नका."

"तिथं कोण बघंल तुम्हाला?"

"पांडुरंग हाय."

"पांडुरंग टमरेल घेऊन बांधावर नेईल का?" उषा चिडून म्हणाली, आणि मग रडायलाच लागली. सासू तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, पण म्हणणं सोडलं नाही. पुंजारामनं समजावलं, हात जोडले, रागावला. शेवटी पडलेल्या आवाजात मला म्हणाला, "उद्या सकाळी जीप सांगतो, भाऊ. गावी निदान पाणी तरी पिईल." पण मनातून आम्हा दोघांनाही ठाऊक होतं की गावी पाणी पिऊन ती कुठं जाणार, आणि तिथून परत कशी येणार.

दुसऱ्या दिवशी जीपला यायला उशीर झाला होता. लुगडी, पोथी आणि तुळशीची माळ बांधून बोचकं दाराशी ठेवलेलं. मायला गावी तेल लागेल म्हणून पुंजारामनं घाण्यावरून करडीच्या तेलाचा डबा आणला, मी तो उचलून आत दिला. उषानं खिळा आणि हातोडी घेतली. तिचं लक्ष कुठं होतं? डब्याच्या एका कोपऱ्यात तिनं एकच भोक पाडलं, आणि डबा बरणीवर तिरपा धरला.

तेल आलं, थांबलं, पुन्हा आलं. गुडगुड. गुटूक. गुटूक.

साळूबाई खाटेवरून सवयीनं बोलली, "उषे, दुसरं भोक पाड गं समोरच्या कोपऱ्यात. वारं शिरायला जागा न्हाई, दम कोंडला त्याचा."

उषानं हातोडी उचलली, आणि तेवढ्यात म्हातारीनं हात वर केला. "थांब. पाडू नको. वत अजून."

उषानं डबा तिरपा केला. गुडगुड, गुटूक. साळूबाई डोळे मिटून ऐकत होती. कीर्तनात मृदंगाचा हात चुकला की तिची भुवई अशीच वर चढायची. मी दारात उभा, पुंजाराम माझ्यामागं. 

"हे तेच बोलणं हाय," ती म्हणाली. "खालचं. अगदी तेच. पुंजा, त्याचा बी दम कोंडला रे. त्याला दुसरं भोक कुठं हाय?"

पुंजाराम माझ्याकडं बघायला लागला. मला मिस्त्रीचं बांधकामाच्या वेळचं बोलणं आठवलं. "आहे ना," मी म्हणालो, "मागच्या भिंतीवरून तो सिमेंटचा पाइप वर गेलाय, गच्चीच्याही वर. टाकीतली हवा जायला. त्याला जाळीची टोपी लावायची राहिली म्हणत होता मिस्त्री, नंतर आणून देतो म्हणाला."

"कोणता पाइप?" साळूबाईनं विचारलं. "खांबावानी उभा हाय, तो?"

आणि विचारता विचारताच तिचा हात तोंडाशी गेला.

गच्चीवर मडक्यासाठी खुंट शोधताना तिला तो उघडा पाइप बरा सापडला होता. मडकं पालथं घातलं, पण वाऱ्यानं डुगडुगायला लागलं. तेव्हा तिनं जुन्या लुगड्याच्या चिंध्या कोंबल्या, वरून चिकणमाती आणि शेण कालवून लेप दिला. गावी कणगीचं तोंड लिंपतात ना, मुंगी शिरू नये असं, तसं. जन्मभर धान्य राखलेला हात. उन्हानं तो लेप दगडासारखा झाला होता.

"मीच गळा दाबला त्याचा," ती म्हणाली.

पुंजाराम शिडीकडं धावला. "आत्ता फोडतो मडकं!"

"पुंजा!" एवढ्या अशक्त बाईला एवढा आवाज कुठून आला कोण जाणे. "मडक्याला हात लावशील तर माझी आण हाय तुला!"

तो शिडीच्या पहिल्या पायरीवर थिजला.

"तुझ्या बापानं गावात घर बांधलं," म्हातारी म्हणाली. "मी म्हणलं, मडकं लावा. ते हसले मला. लोकं काय डोळ्यानं घर पाडत्यात का, म्हणले. वर्ष झालं न्हाई, आन् त्या घरात मी एकली राह्यले, तू माझ्या कडेवर. मी गावी जाते. तिथं मरते. पण हे मडकं तुझ्यावरचं हटवायचं न्हाई."

 डब्यातून तेलाचा एक थेंब आपोआप पडला. बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

मला वाटलं, संपलं. आता पुंजाराम मडकं फोडेल आणि मायला गमावेल, नाहीतर मडकं राखेल आणि मायला गमावेल.

उषानं डबा खाली ठेवला. पदराला हात पुसले, आणि खाटेपाशी जमिनीवर बसली. दृष्टबिष्ट ती मानत नव्हती, बोलूनही दाखवायची. पण तेव्हा म्हणाली, "आत्याबाई, मडकं हटवायचं कोण म्हणतंय? सरकवायचं. एक हात बाजूला. दृष्ट काय पाइपालाच लागती का? घराला लागती. मडकं घरावर राह्यलं म्हंजे झालं. पाइपाशेजारी बांबू रोवू, मडकं बांबूवर. रंग उडालाय त्याचा, डोळे तुम्ही नव्यानं काढून द्या. तुमच्या हाताचे. मी काढले तर ते कोणाला भ्याव दाखवायचे न्हाईत, हसतील लोकं."

साळूबाईनं विचारलं, "इक्डचं तिक्डं व्हताना मधल्या वेळात काही झालं तर?"

"मधल्या वेळात मी मडकं छातीशी धरून गच्चीवर उभी राहते. मलाच बघा म्हणावं, काय बघायचं ते."

म्हातारीच्या तोंडावर आठवड्यानंतर पहिल्यांदा हसू आलं. थोडंसंच. "तुला बघून दृष्टच पळून जाईल," ती म्हणाली. "जा. पण मडकं फुटू देऊ नका."

पुंजाराम घाईघाईनं बांबू घेऊन आला. उषानं पाहिलं तर तीच पट्टी, चेंबरात घातलेली! "अहो, देवा! ती नको!" मग मी दुकानामागून नवा बांबू दिला. जीपवाला हॉर्न वाजवून वाजवून खाली उतरला होता, त्यालाही वर घेतलं.

लेप खिळ्यानं टोकरून टोकरून काढावा लागला. चिंध्या निघाल्या. मडकं उषानं बाळासारखं पोटाशी घेतलं. आणि शेवटची चिंधी ओढल्याबरोबर पाइपातून एक लांब, खोल सुस्कारा निघाला. वास असा की जीपवाला तोंड फिरवून बसला. पण तो वास आकाशात गेला, वाऱ्यावर, कुणाच्या घरात नाही.

खाली आलो तर साळूबाई वॉकर धरून संडासाच्या दारात उभी. उषानं न्हाणीत भरली बादली ओतली. एवढं पाणी, तेही त्या उन्हाळ्यात, तिनं एकदम ओतलं. आम्ही सगळे कान लावून उभे, महाराज निरूपणाला सुरुवात करण्याआधी उभे राहतो तसे. भांड्यातलं पाणी जागचं हललंसुद्धा नाही. मग तिनं भांड्यातच बादली टाकली. एकदा सळसळ झाली, पाणी खाली गेलं, आणि वाकड्या नळीत स्वच्छ पाण्याचं वर्तुळ थांबून राहिलं. त्यात वरच्या झरोक्याचा उजेड दिसत होता.

साळूबाई अजून ऐकत होती.  मग म्हणाली, "गप झालं. दम मिळाला बिचाऱ्याला."

आणि वळून सुनेला म्हणाली, "तांब्या दे."

उभ्यानंच, वॉकरला टेकून, तिनं तांब्या तोंडाला लावला. निम्मं पाणी हनुवटीवरून लुगड्यावर गेलं. पुंजाराम बघत होता आणि त्याचा कंठ वरखाली होत होता, जणू तोच पीत होता. तांब्या रिकामा करून तिनं उषाच्या हातात दिला आणि म्हणाली, "अजून."

उषानं जाता जाता दाराशी ठेवलेल्या बोचक्याची गाठ एका हातानं सोडली. जीपवाल्याला चहा पाजून वाटेला लावलं.

त्या संध्याकाळी म्हातारीनं खाटेवर बसून मडक्याला नवे डोळे काढले, दात आधीपेक्षाही भयंकर. मिस्त्री दुसऱ्या दिवशी येऊन पाइपाला जाळीची टोपी लावून गेला. वर शेजारी मडकं पाहून दोन्हींना नमस्कार करून उतरला. आणि साळूबाई पुढं कितीतरी वर्षं आमच्या वस्तीत राहिली. तिची खुर्ची इथं असायची, या खांबाजवळ. कीर्तन रंगात आलं की हळूच उठायची, घरी जाऊन यायची, आणि परत येऊन निःसंकोच टाळ धरायची. आता ती नाही. घर आहे, पाइप आहे, बांबू दोनदा बदललाय. मडकं तेच.

टाळ वाजले बघा, महाराज आले वाटतं. आता उठू. एवढंच करा माझ्यासाठी: तुमच्या घरी कुणी म्हातारी मुक्कामाला आली, आणि तिच्या उशाचा तांब्या संध्याकाळीही सकाळसारखाच भरलेला दिसला, तर साळूबाईला आठवा.